राजेसाहेबांची जलतुला आणि वरच्या आळीची मोटार

आमच्या गावात सकाळी सहाला सगळ्यात जास्त वाट कुणाची बघितली जात असेल तर ती माझी. मी आमदार नाही, दूधवाला नाही, जावई तर नाहीच नाही. मी नगरपालिकेचा पाणी सोडणारा माणूस. कागदोपत्री 'व्हॉल्व्हमन', लोकांच्या तोंडी 'चावीवाला आप्पा'. गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण माझ्या नोकरीची सहा वर्षं अजून बाकी आहेत आणि ती मला सुखानं काढायची आहेत. सातारा आणि सांगली यांच्या मधे कुठंतरी ते आहे, एवढं पुरे. आमच्याकडून आष्ट्याला जायला तास लागतो आणि कडेगावला जायला मूड लागतो.

कामाची माहिती नसलेल्यांसाठी सांगतो. गावाबाहेरच्या टेकडीवर टाकी. टाकीतून निघालेला मोठा पाईप गावात येतो आणि त्याला आळीआळीला फाटे फुटतात. प्रत्येक फाट्यावर रस्त्यात एक खड्डा, खड्ड्यावर लोखंडी झाकण, झाकणाखाली व्हॉल्व्ह. माझ्याकडं छातीइतकी उंच लोखंडी चावी, वरती आडवा दांडा. झाकण उचलायचं, चावी बसवायची आणि फिरवायची. एका आळीचं सोडायचं, दुसरीचं बंद करायचं. ऐकायला सोपं आहे. पण चावीचं टोक व्हॉल्व्हवर ठेवून दांड्याला कान लावला की पाईप बोलतो. पाणी भरून चाललं असेल तर गुरगुर, गळती असेल तर सुरसुर, आणि हवा अडकली असेल तर जेवलेल्या माणसासारखा ढेकर. कुठल्या वळणावर पाईप फुटलाय हे मी रस्ता न खणता सांगतो. ही विद्या मला कुणी शिकवली नाही आणि माझ्यामागं ती कुणाला शिकवावी असा माणूस पालिकेनं अजून नेमलेला नाही.

गिऱ्हाईकंही एकेक. चौथ्या आळीत एक रिटायर सुभेदार आहेत. रोज मनगटावरचं घड्याळ माझ्यासमोर धरून उभे. "आप्पा, सहा वाजून चार मिंटं! चार मिंटं लेट! लढाईत चार मिंटांत चौकी जाते." मी सॅल्यूट ठोकून म्हणतो, "सुभेदारसाब, आपल्याकडं चार मिंटांत फकस्त बादली भरते." ते हसत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा घड्याळ घेऊन हजर.

आता मूळ गोष्टीवर येतो. ती सांगताना मला मजा येते हे खरं, पण त्यातला एक भाग सांगताना मान थोडी खाली जाते, तेही खरं.

आमचं गाव म्हणजे एके काळचं संस्थान. केवढं? सकाळी न्याहारी करून घोड्यावर बसलं तर दुपारच्या जेवणाला परराज्यात. पण राजे ते राजेच. आत्ताचे राजेसाहेब मोठे साधे गृहस्थ. उभी हयात पुण्याला विम्याच्या कचेरीत नोकरी केली, निवृत्त होऊन गावी आले. सकाळी फिरायला निघाले की मला विचारणार, "काय आप्पा, दाब कसा आहे?" पाण्याचा दाब विचारताहेत की स्वतःच्या रक्ताचा, मला कळायचं नाही. मी दोन्हीला "बरा आहे, महाराज" म्हणायचो.

राजेसाहेबांना पंचाहत्तर पूर्ण होत होती, आणि दोनेक महिन्यांवर पालिकेची निवडणूक. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असं आमच्या नगराध्यक्षांनी तीन सभांत सांगितलं. पालिकेतर्फे तीन दिवसांचा महोत्सव ठरला. अकरा घोडे, दोन उंट, कमानी, ड्रोनमधून फुलं, आणि राजवाड्याच्या पटांगणातलं जुनं कारंजं, जे आमच्या जन्माच्या आधीच बंद पडलं होतं, ते पुन्हा चालू करायचं.

त्याच महिन्यात पालिकेत काटकसरीचं परिपत्रक आलं होतं. वरून निधी कमी झालाय, तेव्हा हात आखडता घ्या. वाचनालयातली पाच वर्तमानपत्रं एकावर आली. रस्त्याचे दिवे एक सोडून एक लागायला लागले. हंगामी झाडूवाल्यांना घरी पाठवलं. आम्ही पाणी सोडणारे पाच होतो, ते दोन राहिलो. आणि परिपत्रकात ठळक अक्षरात, कोणतीही नवी खरेदी बंद.

मग कारंजं कसं उडणार? राजांच्या काळी टाकीच्या उंचीच्या जोरावर उडायचं. आता त्या पाईपवर निम्मं गाव बसलंय. मी कान लावून सांगितलं, "साहेब, मोटार बसवल्याशिवाय पाणी गुडघ्याच्या वर न्हाई जायचं."

अध्यक्ष म्हणाले, "मग बसवा की मोटार."

"नवी खरेदी बंद हाय."

"नवी कोण म्हणतंय? हाय ती वापरा. वरच्या आळीची काढा. तीन दिसांचा प्रश्न हाय, आप्पा. काटकसर काटकसर म्हंजे दुसरं काय असतं?"

वरची आळी म्हणजे वॉर्ड सात, गावाच्या मागच्या चढावरची वस्ती. तिथवर पाणी आपल्या पायांनी चढत नाही. चढाच्या तळाशी एक मोटार बसवलेली आहे, ती ढकलते तेव्हा वर नळ येतो. मोटार काढली की आळी कोरडी. मी हे सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, प्यायला टँकर पाठवू. मी लेखी हुकूम मागायला हवा होता. मागितला नाही. का, ते पुढं सांगतो.

मोटार मीच काढली. चार बोल्ट, दोन पाने, अर्धा तास. हातगाडीवर चढवत होतो तर रशीदाभाभी येऊन उभी राहिली.

रशीदाभाभी वरच्या आळीत राहते. नवरा बांगड्या घेऊन जत्रा फिरतो. म्हसवडच्या यात्रेला गेला की आठ-आठ दिवस परतत नाही. घर चालतं ते भाभीच्या हातावर. गावच्या सरकारी दवाखान्यातल्या चादरी धुवायचं काम तिच्याकडं. घरामागं सिमेंटचा हौद, दगड, तारा. दोन जावा हाताखाली. तिच्या चादरींना इस्त्री नसते पण वास असा, की आजारी माणसाला घरी जावंसं वाटावं.

"भाऊ, मोटार जळली काय?" तिनं विचारलं.

"न्हाई. राजवाड्यावर न्यायची हाय. कारंज्याला."

ती हसली. तिला वाटलं मी नेहमीसारखी चेष्टा करतोय. मग माझ्या तोंडाकडं बघून हसायची थांबली. "आन् माझ्या हौदात काय पडनार?"

"तीन दिवस भाभी. तीन दिवसांत आणून बसवतो."

"तुमची जबान?"

"माझी जबान."

एवढी जबान मी कुणाच्या जोरावर दिली, हे मला आजही माहीत नाही. मोटार लगेच बसवली, कारण कारंज्याची चाचणी घ्यायची होती. चाचणी झाली, पाणी पुरुषभर उडालं. मग रंगीत दिवे आले, त्यांची चाचणी. मग संगीत आलं, त्याच्या तालावर पाणी नाचवायची चाचणी. लोक पोराबाळांना घेऊन कारंजं बघायला यायला लागले आणि अध्यक्ष म्हणाले, राहू द्या आता चालूच. महोत्सव पंधरा दिवसांवर होता.

आता मी लेखी हुकूम का मागितला नाही ते. त्याच दिवशी अध्यक्षांनी मला विचारलं होतं, "आप्पा, तू नाटकातला माणूस हायस. चोपदार कोण व्हणार? भाड्यानं आणायला पैसं न्हाईत. आपल्या कर्मचाऱ्यांतनंच करू."

वाचकहो, मी तालुक्याच्या हौशी नाटकांत तीन वेळा राजा झालो आहे, दोनदा प्रधान, आणि एकदा ऐन वेळी राणी. अंगात आलं माझ्या! जरीचा अंगरखा, लाल पगडी, हातात चांदीचा दंड. दंड कुठून आणणार? माझीच चावी घेतली आणि तिला वरपासून खालपर्यंत चंदेरी कागद गुंडाळला. पाणीपुरवठ्याचे आम्ही दोघं उरलो होतो. त्यातला एक चोपदार झाला, दुसरा उंटांना पाणी पाजायला. आरशासमोर "आस्तेऽऽ कदम" करताना वरच्या आळीची आठवण मला फार कमी वेळा आली. लिहितोय म्हणून खरं लिहितो.

महोत्सवाच्या समितीत प्रश्न निघाला राजतुलेचा. तराजूच्या एका पारड्यात राजा, दुसऱ्यात तेवढ्या वजनाचं काहीतरी, ते मग दान. जुना रिवाज. चांदी परवडत नाही, गूळ महाग. कुणीतरी म्हणालं, साखर. कारखाना फुकट देईना. तेव्हा मुख्याधिकारी म्हणाले, "जलतुला करू. पाण्याला काय खर्च आहे?" टाळ्या पडल्या. सात वॉर्डांच्या सात सुवासिनी एकेक घागर आणतील, पारड्यात ठेवतील. हिशेब अर्थात माझ्याकडं, मी पाण्यातला जाणकार.

राजेसाहेबांना औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं. ब्याण्णव किलो. भरलेली तांब्याची घागर भरते तेरा-चौदा किलो. चौदा साती अठ्ठ्याण्णव. मी छाती पुढं काढून सांगितलं, पारडं बिनघोर झुकतं.

इकडं भाभीच्या घरामागं चादरींचे ढीग लागले होते. टँकर दर तिसऱ्या दिवशी यायचा, माणशी दोन घागरी. त्यात काय होणार? दवाखान्याच्या भांडारातल्या माणसानं निरोप दिला, की सोमवारी सकाळी टेम्पो येईल, धुतलेल्या चादरी तयार नसतील तर सगळं काम सांगलीच्या मशीनवाल्या लाँड्रीला जाईल. तिच्याकडं परत येणार नाही. तुला होती रविवारी सकाळी.

शनिवारी मी टँकरबरोबर वर गेलो होतो. भाभी रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "भाऊ, तीन दिसांचं पंधरा झालं. सोमवारी माझं काम जातंय. तुमाला ठावं हाय न्हवं?"

"उद्या तुला झाली की—"

"उद्या तुला हुईल, परवा तुमी मोटार काडनार, तेरवा बसवनार. टेंपो परवा सकाळी येतोय."

मी पगडी नीट करायला हात वर नेला. पगडी डोक्यावर नव्हतीच. सवय लागली होती. भाभीनं विचारलं, "आन् आमच्या वॉर्डाची घागर कुनी आनायची?"

समितीनं वॉर्ड सातला तिचंच नाव लिहिलं होतं. दवाखान्याचं काम करते, सगळे ओळखतात म्हणून. मी सांगितलं. तिनं मागच्या चादरींच्या ढिगाकडं बघितलं. मग म्हणाली, "बरं. येते मी."

रविवार. पटांगण माणसांनी भरलेलं. मधे कारंजं उडतंय, एका बाजूला तराजू. तो लाकडाच्या वखारीतला, ओंडके तोलायचा, साखळ्यांना झेंडूच्या माळा. राजेसाहेब आले ते पैठणी शेला, मंदील, कमरेला तलवार, पायांत जाड मोजड्या. मी ललकारी दिली. अशी दिली की घोडे बिचकले आणि एक उंट बसला. राजेसाहेब पारड्यात बसताना माझ्या कानाशी म्हणाले, "आप्पा, गुडघा दुखतोय हो. लवकर उरका."

"प्रभाग क्रमांक एऽऽक!" मी पुकारलं. सुवासिनी आली, घागर ठेवली, टाळ्या. दोन. तीन. चारला घागरीतलं पाणी काठापासून बरंच खाली दिसलं आणि माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिघडलंय. पाच. सहा. एकच घागर उरली आणि पारडं जागचं हलत नाही. राजेसाहेब जमिनीवर ठाम.

माझी चूक मला तिथं उभ्याउभ्या कळली. मी घागर तोलली होती ती नळाखाली काठोकाठ भरून. पण भारी शालू नेसलेली बाई काठोकाठ घागर कशाला उचलेल? सगळ्यांनी गळ्याखालीच भरलेल्या, हिंदकळून अंगावर येऊ नये म्हणून. आणि राजे तोललेले सदरा-लेंग्यात; मंदील, शेला, तलवार मी धरलीच नव्हती. आयुष्यभर पाणी मोजलं, पण ते उचलणारी बाई आणि वरचा पोशाख दोन्ही विसरलो.

अध्यक्ष दातांतून म्हणाले, "आप्पा, ह्यो काय हिशेब?"

मी घाम पुसून पुकारलं, "प्रभाग क्रमांक साऽऽत!"

रशीदाभाभी आली. मागं दोन जावा. तिघींच्या डोक्यावर घागर नव्हती. लाल फडक्यात बांधलेली मोठी गाठोडी होती. लोकांना वाटलं, महाराजांना काही भेट आणली. कुणी अडवलं नाही. धाकट्या जावेनं गाठोडं पारड्यात ठेवलं. मधलीनं दुसरं. तराजू कुरकुरला. भाभीनं तिसरं ठेवलं आणि पारडं धाडकन खाली गेलं. राजेसाहेब वर! पाय हवेत, मंदील वाकडा, हात साखळीला.

टाळ्यांचा कडकडाट. ड्रोननं फुलं टाकली. तेवढ्यात वरच्या गाठोड्याची गाठ सुटली आणि आतून चादर बाहेर आली. डाग पडलेली, औषधाचा वास मारणारी, कोपऱ्यावर दवाखान्याचा शिक्का. टाळ्या पुढून मागं अशा हळूहळू थांबत गेल्या.

"ए बाई, काय हाय हे?" अध्यक्ष ओरडले.

"चादरी हायत, साहेब," भाभी म्हणाली. आवाज चढवला नाही, पण पटांगणात ऐकू गेला. "वॉर्ड सातात पानी न्हाई. जे हाय ते आनलं."

"काढा, काढा ते!"

आता गंमत अशी, की राजांना खाली आणायचं तर समोरच्या पारड्यातलं वजन उतरवायला हवं. आणि वजन म्हणजे दवाखान्यातल्या पंधरा दिवसांच्या न धुतलेल्या चादरी. अध्यक्षांनी मुख्याधिकाऱ्यांकडं बघितलं. मुख्याधिकाऱ्यांनी अभियंत्यांकडं बघितलं. अभियंते पांढऱ्या सलवारीत होते, त्यांनी उंटाकडं बघितलं. कुणी पुढं होईना. घागरी उतरवाव्यात हे त्या गडबडीत कुणालाच सुचलं नाही, आणि ज्या एकाला सुचलं तो गप्प बसला. तो मी.

राजेसाहेब वरून म्हणाले, "बाई, पाणी का नाही तुमच्याकडे?"

भाभीनं आधी वाकून सलाम केला. "सरकार, आमची मोटार हितं आनल्या. कारंज्याला. आज धुनं झालं न्हाई तर उद्या माझं काम जातंय."

"मोटार इथे आणली? कुणी?"

अध्यक्ष पुढं सरसावले. "महाराज, तात्पुरती. समारोप झाला की लगेच—"

"समारोप केव्हा?"

"परवा संध्याकाळी."

राजेसाहेबांनी त्या उंचीवरून कारंज्याकडं बघितलं. पाणी तालावर नाचत होतं. विम्याच्या कचेरीत माणूस जसा दावा नामंजूर करतो तसल्या आवाजात ते म्हणाले, "ते बंद करा."

"महाराज, पाव्हणेमंडळी आहेत, चॅनलवाले—"

"मग मी इथेच बसतो. चॅनलवाल्यांना वर बघायला सांगा."

पटांगणात पहिल्यांदा हसू फुटलं. सुभेदारांचा आवाज आला, "आप्पा! तीन मिंटं झाली! हुकूम येऊन तीन मिंटं!"

हुकूम कुणाचा? राजांचा हुकूम गेली कितीतरी वर्षं चालत नाही. माझा साहेब अध्यक्ष, आणि तो मान हलवून 'नको' म्हणत होता. मी चोपदार होतो, माझ्या हातात दंड होता. मी अत्यंत सावकाश, नाटकातल्यासारखी पावलं टाकत कारंज्याच्या खड्ड्यापाशी गेलो, झाकण उचललं, आधी मोटारीचं बटण बंद केलं, मग दंड आत घातला आणि फिरवला. चंदेरी कागद फाटून गोळा झाला. कारंजं दोन वेळा उसासलं आणि बसलं. संगीत तेवढं एकटंच वाजत राहिलं.

भाभीनं स्वतः पुढं होऊन तिन्ही गाठोडी उतरवली. "उतरा सरकार, सावकाश," म्हणत राजेसाहेबांना हात दिला. त्यांनी तो घेतला.

नंतरचं थोडक्यात. मला नोटीस मिळाली. पालिकेच्या साहित्याचा विनापरवाना वापर केला म्हणून. साहित्य म्हणजे चावी, जी वापरण्याचाच मला पगार मिळतो. एक वेतनवाढ थांबली. महोत्सव उरलेले दोन दिवस कारंज्याविना झाला आणि लोकांना काही कमी वाटलं नाही. दवाखान्यानं काम भाभीकडं ठेवलं, पण सगळं नाही. बाळंतिणींच्या वॉर्डाच्या चादरी त्या पंधरा दिवसांत सांगलीला गेल्या होत्या, त्या तिकडंच राहिल्या. तेवढं नुकसान माझ्या चार बोल्टांचं. महोत्सवाचा एकूण खर्च किती, यावर गावात अजून वाद आहे. मला त्यातला हा एवढा भाग नक्की माहीत आहे.

पण त्या रविवारचं राहिलं. दुपारीच मी मोटार सोडवली आणि हातगाडी ढकलत चढाच्या तळाशी नेऊन बसवली. अंगरखा काढायलाही वेळ नव्हता. वरून बायकांची आरोळी आली, तेव्हा कळलं, नळ आला. चार वाजता वर गेलो. आळीतल्या सगळ्या बायका हौदाभोवती होत्या. कुणी घासतंय, कुणी आपटतंय, कुणी तारा बांधतंय. मला वाटलं होतं, भाभी काहीतरी म्हणेल. निदान 'बसा, च्या घ्या' तरी. तिनं ओल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"पिळा."

मी पिळायला लागलो. जोर लावला, दात खाल्ले, पगडी घरंगळली. चादर दोघांच्या मधे नुसती गोल गोल फिरत राहिली. पाण्याचा थेंब पडेना.

"आवं भाऊ," भाभी म्हणाली, "मी फिरवतीया तिकडंच तुमी बी काय फिरवताय? उलटं पिळा की."

मी हात उलटे फिरवले. चादरीला पीळ बसला आणि माझ्या जरीच्या अंगरख्यावर पाण्याची धार पडली.